पिवळी त्याची, लाल माझी

"बाबा आता पिवळीही स्वतःच मारतात. तुझं लक्ष असू दे," असं ताई मला जिन्यात म्हणाली होती. माझ्या एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात दप्तराची मालकीण, आणि मालकीणबाई बुटाची नाडी सुटली म्हणून पायरीवर बसून संपावर गेलेल्या. मी म्हटलं, "मारू देत की. दुसरं आहे कोण मारायला?"

ताई माझी नणंद. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. 'आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं' असं दिवसभर विचारत असल्यामुळे समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय आहे. त्या दिवशी मात्र ती थांबली नाही. "बरं," म्हणाली आणि खाली उतरून गेली.

तिचं बोलणं कळायला आमच्या गॅरेजचा कायदा ठाऊक हवा. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर बसच्या डेपोत फोरमन होते आणि तिथली रीत त्यांनी घरी आणली होती. नट आवळला की आवळणाऱ्याने त्यावर रंगाची एक रेघ ओढायची. ती नटावरून अखंड खालच्या लोखंडावर उतरली पाहिजे. पुढे कधी नट हलला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. पण एका माणसाच्या रेघेवर डेपो चालत नसे. एकाने आवळायचं, दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि आपल्या रंगाची रेघ शेजारी ओढायची. घरी आवळणारे म्हणजे माझे मोठे दीर, तपासणारे बाबा. दिरांची रेघ पिवळी, बाबांची लाल. दोन्ही दिसल्याशिवाय पुढचा नट हातात घ्यायचा नाही.

दीर अंगाने काटकुळे, म्हणून बाबा त्यांना पहिलवान म्हणत. गाडीची कल्पना मुळात पहिलवानांची. सुटे भाग खोक्यांतून मागवायचे आणि घरी जोडून गाडी उभी करायची. पाइपांचा सांगाडा आला, फायबरची बॉडी आली, तारांचा एक गुंता आला, इंजिन एका भंगारातल्या गाडीतून काढून आणलं. दोन सीटची, बिनछपराची, बाटलीसारखी हिरवी गाडी. सीट माझ्या जाऊबाईंनी शिवल्या. सोफ्याची कव्हरं शिवणं हा त्यांचा धंदाच. मागची चाकं, मागचा सांगाडा, टाकी एवढं झालं आणि पहिलवान आजारी पडले. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. ते दिवस लिहायची माझ्यात ताकद नाही. गाडीचा पुढचा अर्धा भाग त्यांच्यामागे बाबांनी एकट्याने केला.

म्हणजे पुढच्या अर्ध्या गाडीवर पिवळी रेघ ओढणारं खरंच दुसरं कोणी नव्हतं. मी ताईला जे उत्तर दिलं ते चूक नव्हतं. फक्त तिचं म्हणणं ते नव्हतं.

*

गाडी बाहेर काढायचं ठरलं तो रविवार होता. सगळी माणसं सकाळीच जमली. बाबांनी डेपोतला जुना खाकी शर्ट घातला होता. तो आता त्यांना मोठा होत होता आणि खांद्यावरून सारखा घसरत होता. गॅरेजचं निळं शटर पूर्ण वर होतं. एरवी ते गुडघ्याइतकंच उघडं असायचं. इंजिन चालू असताना धूर आत कोंडू नये आणि येणाऱ्याजाणाऱ्याने आत डोकावूही नये, असा तो बाबांचा मध्यम मार्ग.

गाडी तयार आहे की नाही यावर कुणाचंच बोलणं होईना. वाद होता तो दुसऱ्या सीटचा. एका सीटवर बाबा, ते ठरलेलंच. शेजारी कोण?

ती सीट पहिलवानांची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जाऊबाईंचा तिच्यावर हक्क होता. पण त्या महिन्याभरात भावाकडे राहायला जाणार होत्या, तिकडे नवं दुकान टाकणार होत्या, आणि त्या जाण्यावरून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. माझ्या नवऱ्यालाही ती सीट हवी होती. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. विम्याच्या कंपनीत पस्तिशी गाठली तरी धाकटाच. लहानपणापासून गॅरेजमध्ये त्याचं काम म्हणजे उजेडासाठी बॅटरी धरून उभं राहायचं, आणि तीही नेमकी नको तिथे धरल्याबद्दल बोलणी खायची. बाबा पाहुण्यांना सांगत, याला पान्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते लग्नानंतर कळलं. पाहुणे हसत. धाकटाही हसे. तो कसा हसतो ते मी लग्नानंतर पाहिलं.

त्या सकाळी तो दाढी करून, नवा शर्ट घालून गाडीच्या डाव्या बाजूला उगाच रेंगाळत होता. जाऊबाई उजव्या बाजूला सीटची शिवण बोटाने चाचपत उभ्या होत्या. ताई उंबऱ्यात. कोण कुणाच्या बाजूचं ते असं उभं राहण्यावरूनच कळत होतं.

तोडगा आईंनी काढला. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साहेबांना बसवा."

साहेब म्हणजे माझी मुलगी. पाच वर्षांची. गॅरेजमध्ये जाऊन 'हे काय, ते कशाला, हे पडलं तर' असं ती विचारत सुटायची म्हणून बाबांनी तिला इन्स्पेक्टरची जागा दिली होती. आईंचा हिशोब साधा होता. मुलीवर कुणी जळणार नाही. धाकट्याची मुलगी म्हणून धाकट्याला पोचलं, नात म्हणून बाबांना, आणि सुनेला नाही म्हणायचा प्रसंग टळला. जाऊबाई हसून म्हणाल्या, "बसू दे ना. माझ्यापेक्षा तिचं वजन कमी, गाडीला तेवढंच बरं." धाकट्याने मान हलवली आणि नव्या शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.  ताईने फक्त माझ्याकडे पाहिलं, जिन्यात पाहिलं होतं तसं.

मला कुणी विचारलंच नाही. मुलीच्या आईला विचारायचं नसतं, ती हो म्हणणारच हे धरलेलं असतं.

*

आईंची बाजू मला नंतर कळली. त्यांनीच सांगितली, बटाटे सोलता सोलता, सालीकडे बघत.

स्वयंपाकघराची भिंत आणि गॅरेजची भिंत एकच. आवळण्याचा मोठा पाना असतो, तो हवा तेवढा जोर बसला की 'टक' असा वाजतो. पहिलवान असताना त्या भिंतीतून दिवसभर टक ऐकू यायचा. एक टक, मग बाबांचं खाकरणं, मग काही वेळाने दुसरा टक, तपासणीचा. आई त्या आवाजावर स्वयंपाक करत. टक थांबले की ताटं घ्यायची.

मुलगा गेला आणि काही महिने भिंत गप्प होती. मग एके दिवशी बाबा पुन्हा गॅरेजमध्ये जायला लागले. रंगाची डबी उघडल्याचा आवाज यायचा, पाना फरशीवर ठेवल्याचा यायचा, खुर्ची सरकल्याचा यायचा. टक यायचा नाही. कधीतरी, दोन-चार दिवसांनी, एखादा.

"मला कळलं होतं गं," आई म्हणाल्या. "पण माणूस सकाळी उठून अंघोळ करून कुठेतरी जात होता. मी म्हटलं, जाऊ दे. गाडी काही निघणार नाही. कशाला निघतेय."

त्यांचा अंदाज एवढाच चुकला. गाडी निघाली. आणि त्या घाईघाईत सुटका म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडाने नातीचं नाव घेतलं. तसं घेतल्यावर आत जाऊन त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या होत्या आणि चहा उतू गेला तरी त्यांनी बंद केला नव्हता. तो उतू गेलेला चहा मी पाहिला होता. मला वाटलं होतं, आनंदाने भान हरपलं असेल.

*

मुलीला सीटवर मीच बसवलं. खाली उशी घातली, केस बांधले, आणि पट्टे लावायला घेतले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून. मला कुठल्याही पट्ट्याला ओढून बघायची खोड आहे. पाळण्याच्या दोरीपासून शाळेच्या रिक्षाच्या दांडीपर्यंत मी सगळं ओढून बघितलेलं आहे, आणि त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा झालेली आहे. धाकटा म्हणतो, देव भेटला तरी ही आधी त्याला ओढून बघेल.

मी कमरेचा पट्टा ओढला. तो ज्या बोल्टने सांगाड्याला धरलेला होता तो माझ्याकडे आला. निसटला नाही, फक्त आला, सुटत आलेला दुधाचा दात यावा तसा. मी वाकून पाहिलं. बोल्टावर पिवळी रेघ होती, शेजारी लाल रेघ होती, दोन्ही अखंड, दोन्ही नीट सुकलेल्या. मी नटाला चिमूट लावली. तो फिरला. माझ्या बोटांत दोन्ही रेघा तुटल्या.

बाबा पलीकडे आरसा पुसत होते. त्यांनी विचारलं, "झालं का साहेबांचं?"

मी म्हटलं, तिला शूला जायचंय. मुलगी म्हणाली, नाही जायचं. मी म्हटलं, जायचंय. आणि तिला काखेत मारून आत आले.

आधी मी नवऱ्याला गाठलं. ओट्यापाशी, दार लोटून, हळू आवाजात सांगितलं. तो आधी ऐकत होता, मग त्याचं ऐकणं बंद झालेलं मला दिसलं. एखादा राहिला असेल, म्हणाला. शेकडो नट असतात. तो आवळून टाकू गुपचूप. आज त्यांचा दिवस आहे, आज नको. मी म्हटलं, त्यावर लाल रेघ आहे. लाल म्हणजे तपासलेला.

"मग हे तू जाऊन सांग त्यांना," तो म्हणाला. "मी सांगितलं तर त्यांना काय ऐकू येईल माहितीये? धाकट्याला गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आज तो प्रसंग त्याच्या जागेवरून बघताना मला तो भित्रा वाटत नाही. आयुष्यभर ज्याने बॅटरी धरली, त्याने एकदाच उजेड पाडायचा आणि तो नेमका यावर. पण त्या क्षणी मला फक्त माझ्या मुलीची उशी दिसत होती, त्या सीटवर ठेवलेली, तिच्यावरचा फुगलेला हत्ती. मी म्हटलं, ती गाडीत बसणार नाही, आणि बाबाही बसणार नाहीत, आणि कुणीतरी बोलायलाच हवं. तो म्हणाला, ताईला विचार. लहानपणापासून त्याच्या प्रत्येक अडचणीचं उत्तर तेच आहे.

ताई दाराबाहेरच होती. तिला काही सांगावं लागलं नाही. "किती?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, मी एकच पाहिला. "म्हणजे एकच पाहिलास," ती म्हणाली.

*

इथून पुढचं मी जाऊबाईंच्या तोंडून ऐकलेलं सांगते, कारण मी तोवर मुलीला आईंच्या हवाली करण्यात अडकले होते.

ताईने बाबांना चहाच्या निमित्ताने ओसरीत नेऊन बसवलं. जाऊबाई गॅरेजमध्ये एकट्याच राहिल्या. ताईने जाता जाता त्यांना बोल्टाचं सांगितलं होतं, म्हणून पुढच्या चाकापाशी त्या उकिडव्या बसल्या. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्यांवर नट होते, प्रत्येकावर पिवळी आणि लाल. त्यांनी पहिल्याला बोट लावलं. हलला. दुसऱ्याला. हलला. तिसरा घट्ट होता. चौथा हातात आला. मग त्या मागच्या चाकापाशी गेल्या. तिथला एकही नट बोटाने सोडा, पान्यानेही हलेना.

आणि मागे बसल्या असताना त्यांना दुसरी गोष्ट दिसली, जी आम्हा कुणालाच दिसली नसती. मागच्या पिवळ्या रेघा जरा तिरप्या, डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरत होत्या. पुढच्या उलट. पहिलवान डावखुरे होते. कापडावर खडूने खूण केली तरी ती अशीच तिरपी यायची, आणि त्यावरून नवरा-बायकोची रोज भांडणं व्हायची, कारण जाऊबाईंची कात्री उजव्या हाताची.

त्या खाली फरशीवर बसून राहिल्या. त्यांनी मला सांगितलं की रडू आलं नाही. मागच्या एका रेघेवर त्यांनी अंगठा ठेवला आणि किती वेळ ठेवला ते त्यांना माहीत नाही.

मी परत आले तेव्हा त्या उभ्या होत्या आणि मोठा पाना त्यांच्या हातात होता. सोफ्यांच्या चौकटी ठोकून ठोकून त्यांचे हात माझ्या नवऱ्याच्या हातांपेक्षा दणकट झालेले. ताई आली, धाकटा आला, सगळ्यात शेवटी कप हातात घेऊन बाबा. आम्ही गाडीभोवती होतो आणि सकाळच्या बाजू आता उरल्या नव्हत्या. सकाळी जाऊबाईंच्या विरुद्ध उभा असलेला धाकटा आता त्यांच्या मागे जाऊन उभा होता, लहान मूल मोठ्या माणसामागे उभं राहतं तसा.

"बाबा," जाऊबाई म्हणाल्या, "पुढचे नट मी आवळते. तुम्ही तपासा. मग काढू गाडी."

बाबांनी कप बॉनेटवर ठेवला. "ते आवळलेले आहेत."

"हलतायत, बाबा."

"पिवळी आहे ना त्यावर?"

"आहे."

"मग," बाबा म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात, डेपोत नव्या पोराला सांगावं तसे. "त्याच्या पिवळीवर मी कधी पाना लावला नाही. कधीच नाही. तो आवळायचा, मी नुसती लाल ओढायचो. त्याला वाटायचं मी तपासतो. दुसरा टक ऐकू यावा म्हणून मी रिकामाच पाना वाजवायचो."

आत स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. भिंत एकच होती.

जन्मभर दोन माणसांच्या रेघेचा कायदा सांगणारा माणूस घरी एकाच रेघेवर चालत होता, आणि ती रेघ ओढणारा गेल्यावरही त्याच रेघेवर चालत राहिला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. माझं मूल त्या सीटवर बसलं होतं. पण राग येईना. त्या खाकी शर्टाचा खांदा पुन्हा घसरला आणि त्यांनी तो वर केला नाही.

ताई पुढे झाली. तिचा आवाज दुकानातला, हळू. तिने विचारलं, "बाबा, पुढची पिवळी कुणी मारलीय?"

मला वाटलं ते म्हणतील, पहिलवानाने. मला वाटलं, ते विसरलेत, वय झालंय, डॉक्टरकडे नेऊ, गोळ्या देतील. त्या उत्तराची मी मनात तयारीच केली होती. तसं असतं तर सोपं होतं.

"मी," बाबा म्हणाले. "सकाळी येऊन मारतो. मग जेवायला आत जातो. परत येतो तेव्हा ती सुकलेली असते." त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. "बरं वाटतं. वाटतं, करून गेलाय."

जाऊबाईंनी पाना गाडीच्या चाकाला टेकवून उभा केला. तो घसरून फरशीवर पडला आणि केवढा तरी आवाज झाला. कुणी उचलला नाही. मग धाकट्याने उचलला, आणि कुठे ठेवायचा ते न कळून तसाच धरून राहिला, लहानपणी बॅटरी धरायचा तसा.

एवढ्यात मुलगी आईंचा हात सोडवून आली आणि विचारू लागली, निघायचं ना, मला परत बसवा.  बाबाच तिच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले त्यांचे.

"साहेब, आज गाडी नापास."

"नापास म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही परत यायचं."

ती म्हणाली बरं, आणि आपली हत्तीची उशी काढून घेऊन आत गेली. इन्स्पेक्टरला निकाल मान्य होता. बाबांनी गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, कप उचलला, आणि शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. आम्ही सगळे त्याच्या या बाजूला होतो. ते त्या बाजूला.

*

जाऊबाई ठरल्याप्रमाणे गेल्या. जाताना आई त्यांच्याशी बोलल्या, बऱ्याच बोलल्या, दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसल्या होत्या. जाऊबाईंनी दुसऱ्या सीटचं कव्हर काढून नेलं नाही. मला वाटलं होतं नेतील.

मग धाकट्याने जे केलं ते मी इथे लिहिलं नाही तर ते कुठेच राहणार नाही. कारण तो स्वतः कधी सांगणार नाही.

बाबांनी नट उघडून पुन्हा बसवायला घेतले. पण सवय जाईना. सकाळी पिवळी ओढायचे आणि जेवायला आत यायचे. ताई म्हणाली, डबी लपवू. आई म्हणाल्या, लपवली तर ते नवी आणतील, आणि ती आपल्याला सापडणार नाही.  धाकट्याने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. बाबा जेवायला बसले की हा मागच्या दाराने गॅरेजमध्ये जायचा आणि सकाळच्या पिवळीखालचा नट मोठ्या पान्याने आवळायचा. नट फिरला की रेघ तुटायची, म्हणून ती पुसून, त्याच जागी, त्याच रंगाची पुन्हा ओढायचा. स्वयंपाकघरात भिंतीतून टक ऐकू यायचा. पहिल्या दिवशी आईंच्या हातातला डाव तसाच राहिला होता. बाबांनीही ऐकला असणार. ते पाणी प्यायले.

जेवून बाबा गॅरेजमध्ये जायचे. काही वेळाने आतून आवाज यायचा, स्वतःशीच म्हटल्यासारखा, "पहिलवानाचं काम म्हणजे काम." धाकटा तेव्हा ओट्यापाशी उभा राहून हाताला लागलेला पिवळा रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसत असायचा. मी त्याच्याकडे बघायचे. तो म्हणायचा, बघतेस काय, चहा टाक.

पुढे कंपनीने त्याची बदली केली. खरं सांगायचं तर ती मीच मागून घ्यायला लावली. त्या घरात मुलगी शटरखालून वाकून आत गेली की मी हातातलं काम टाकून मागे धावायचे, आणि असं किती दिवस चालणार होतं. आता आम्ही लांब राहतो. तिसरा मजला, गॅरेज नाही. मुलगी कधीकधी विचारते, गाडी पास झाली का. धाकटा रोज फोन करतो. जेवलात का, विचारतो. पलीकडून जेवलो म्हणतात.  ताई दुकानात जाण्याआधी सकाळी एक चक्कर मारते, तोवर रंग ओला असतो. दुपारी आई झोपतात. दुपारी तिथे कुणी नसतं, आणि टक वाजवणारं तर नाहीच. आई सांगतात, बाबा हल्ली गाडी रोज पुसतात. किल्ली खिशात असते.

म्हणून तुम्हाला सांगते. पाण्याच्या जुन्या टाकीमागून जी गल्ली उतरते, तिच्या शेवटी निळं शटर आहे. दुपारचे कधी त्या बाजूला गेलात तर बघा. शटर गुडघ्याइतकं उघडं असलं तर काळजी नाही, वाकून दोन पाय दिसतात का एवढं पाहा आणि पुढे जा. पूर्ण खाली असलं आणि आतून इंजिनाचा आवाज येत असला तर उघडेपर्यंत वाजवत राहा. आणि पूर्ण वर असलं, हिरवी गाडी दारात आलेली असली आणि खाकी शर्टातला एक म्हातारा माणूस शेजारची सीट पुसत असला, तर त्याला गाडी कशी जमवली ते विचारा. तो सांगत बसेल, सांगायला त्याला आवडतं. तेवढ्यात पुढच्या चाकापाशी वाका, पिवळी-लाल असलेल्या कुठल्याही नटाला बोट लावा. हलला तर त्याला म्हणू नका की हलतोय. म्हणा, साहेब यायचे आहेत, त्यांच्याशिवाय गाडी काढायची नाही.

ते थांबतील. आणि ताईला, चष्म्याच्या दुकानात, तेवढं कळवा.